उकळीच्या भरवशावर

कच्चे दूध विकणे हा भारतात गुन्हा नाही. विक्रेत्याची नोंदणी हवी, गोठ्यात आणि भांड्यांत स्वच्छता हवी, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ठरल्या प्रमाणात हवे आणि भेसळ नको, एवढे कायदा मागतो. विकण्यापूर्वी दूध पाश्चराइज करा, असे मात्र तो कुणाला बजावत नाही. मग दुधातले जंतू मारायचे कुणी? याचे उत्तर कुठल्याही अधिनियमात लिहिलेले नाही, तरी सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या घरी दूध येते त्याने, आणि खरे सांगायचे तर त्या घरातल्या बाईने. दूध आले की आधी गॅसवर चढवायचे, ते उतू जाईपर्यंत डोळा ठेवायचा, हीच आपली सार्वजनिक आरोग्याची यंत्रणा.

ही यंत्रणा आजवर चांगली चालली. पण तिच्यातून काय निसटते, आणि कायद्याने नेमका कुठे हात घालायला हवा, याचा विचार फारसा होत नाही. तो करायला पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा सोयीचा आहे. इथे गोठा, कारखाना, संकलन केंद्र आणि वीस मजली सोसायटी एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर सापडतात.

गोठ्यांभोवती वाढलेले शहर

मुंबईने आपले गोठे शहराबाहेर काढायचे ठरवले आणि १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांच्या त्या योजनेमागचा विचार सरळ होता. दाट वस्तीत गुरे आणि माणसे एकत्र नांदली तर दोघांचेही आरोग्य बिघडते, आणि दूध एका जागी आणून पाश्चराइज केल्याशिवाय शहराला ते निर्धोक मिळणार नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये उलटे झाले. गोठे जागेवरच राहिले आणि शहरच चालत त्यांच्या दारी आले. १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे, वाकड, पुनावळे, रावेत ही आणि आसपासची गावे महापालिकेत आली. शेते बिगरशेती झाली, गायराने आकसली. तरी दावणीला बांधलेल्या म्हशी आणि संकरित गायी बऱ्याच घरांनी सोडल्या नाहीत, कारण गिऱ्हाईक आता शेजारच्या इमारतीतच राहायला आले होते.

याच शहरात दूध सर्वाधिक गांभीर्याने घेतले ते लष्कराने. बाजारातल्या दुधावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून ब्रिटिशांनी १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला लष्करी डेअरी फार्म काढला आणि पुढे छावणीगणिक असे फार्म उभे राहिले. त्यांपैकी एक पिंपरीत होता. संघटित दुग्धव्यवसाय सर्वदूर पोहोचला म्हणून मार्च २०२१ मध्ये देशातले हे सारे फार्म अधिकृतपणे बंद झाले. पिंपरीत ‘डेअरी फार्म’ हा पत्ता मात्र अजून चालतो.

आज या पट्ट्यात दूध तीन वाटांनी फिरते. पहिली वाट संघाची आणि खासगी डेअऱ्यांची. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळातले दूध गावच्या संकलन केंद्रावर जाते, बल्क कूलरमध्ये थंड होते आणि टँकरने कात्रजच्या जिल्हा संघाकडे, मंचरजवळच्या पराग मिल्कसारख्या कंपन्यांकडे किंवा इतरत्र पोहोचते. तिथे पाश्चराइज होऊन ते पिशवीत भरले जाते. दुसरी वाट रतिबाची. गवळी मोटारसायकलला कॅन अडकवून निघतो आणि मापाने सुटे दूध घालतो. त्याच्या गिऱ्हाइकांत घरे आहेत, तशाच चहाच्या टपऱ्या, कामगारांच्या मेस, मिठाईवाले आणि पनीर करणारेही आहेत. तिसरी वाट नवी आहे. काचेच्या बाटलीत, मोबाइल ॲपवर नोंदवलेले, ‘थेट गोठ्यातून, कोणतीही प्रक्रिया न केलेले’ दूध. ते रतिबाच्या दुधापेक्षा पुष्कळ महाग असते आणि वाकड, हिंजवडी, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत जाते.

या तिन्ही वाटांवर दुधाला लागणारी आच वेगवेगळी असते, आणि धोकाही त्या आचेप्रमाणे बदलतो.

कासेपासून कॅनपर्यंत

निरोगी जनावराच्या कासेतून निघणाऱ्या दुधात जंतू फार थोडे असतात. ते वाढतात पुढे. सड न धुता काढलेली धार, शेणाचा शिंतोडा, धार काढणाऱ्याचे हात, नीट न घासलेल्या कॅनच्या झाकणाची खाच, आणि या सगळ्यावर वेळ व ऊन. दूध हे जसे वासराचे पूर्णान्न तसेच जंतूंचेही. उबदार दुधात काही जंतूंची संख्या अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होते. धार काढल्यानंतर लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करणे हा यावरचा उपाय. चाकणच्या तळेगाव चौकातल्या किंवा आंबेठाण चौकातल्या कोंडीत अडकलेल्या मोटारसायकलवरच्या कॅनला ती सोय नसते.

शेणामातीतून येणाऱ्या जंतूंत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि ई. कोलायच्या काही घातक जाती येतात. ई. कोलाय ओ१५७ ही जात लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकते. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. निरोगी माणसाला तो सहसा पाडत नाही, पण गरोदर बाईचा गर्भ घेऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलियन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले, आणि एकूण संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. तेव्हा बोट पाण्याकडे होते, दुधाकडे नव्हते. पण हाच जंतू परदेशांत कच्च्या दुधातून पसरलेल्या साथींमध्ये वारंवार सापडतो, आणि जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी नसांवर तो काय परिणाम करू शकतो हे पुणेकरांनी त्या महिन्यात पाहिले.

दुसऱ्या गटातले जंतू जनावराच्या अंगातूनच दुधात उतरतात. क्षय, ब्रुसेला, क्यू फीवर हे त्यांतले मुख्य. गाईच्या क्षयाचा जंतू माणसाच्या क्षयाच्या जंतूचा सख्खा भाऊ. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत खुद्द रॉबर्ट कॉख यांनी गाईचा क्षय माणसाला फारसा बाधत नाही असे मत मांडले. ब्रिटिशांनी त्यावर नेमलेल्या आयोगाने दहा वर्षे तपास करून ते खोडून काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १ लाख ४० हजार माणसांना जनावरांकडून आलेला क्षय झाला आणि ११,४०० दगावली. क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड या जंतूवर मुळातच चालत नाही. रुग्णाचा क्षय गुरांकडून आला आहे हे कळले नाही तर उपचारातला एक खांब आधीच पोकळ असतो.

कारण न सापडणारा ताप

ब्रुसेलोसिस हा या सगळ्यांत सर्वांत कमी ओळखला जाणारा रोग. गोठ्यात तो गाभण गाईला पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाभ टाकायला लावतो, जार अडकवतो आणि नंतर महिनोन्‌महिने दुधातून बाहेर पडत राहतो. गाय गाभडली की शेतकऱ्याला तोटा दिसतो, रोग दिसत नाही. माणसात तो चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, कंबरदुखी आणि सांधेदुखी घेऊन येतो. पुरुषांत वृषणाला सूज येऊ शकते, गरोदरपणात गर्भपात होऊ शकतो. या लक्षणांवर विडाल चाचणी करून टायफॉइडचे औषध देणे सोपे असते. ताप चार दिवस उतरतो, पुन्हा येतो. ब्रुसेलाला डॉक्सीसायक्लीन आणि सोबत दुसरे प्रतिजैविक असे सहा आठवड्यांचे उपचार लागतात. पाच दिवसांच्या गोळ्यांना तो दाद देत नाही.

या रोगाचा दुधाशी असलेला संबंध उलगडला तो माल्टा बेटावर. तिथल्या ब्रिटिश फौजेला सतावणाऱ्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. तो येतो कुठून, हे कोडे सुटायला आणखी अठरा वर्षे लागली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टीज डॉक्टरला तो शेळ्यांच्या रक्तात आणि दुधात सापडला. दिसायला धडधाकट शेळ्या दारोदार दुभल्या जात होत्या आणि रोग वाटत होत्या. फौजेला शेळीचे दूध बंद केल्यावर तिथला ताप झपाट्याने ओसरला.

आपल्याजवळचा दाखला कर्नाटकातल्या विजापूरचा. मंतूर आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी तिथल्या सोळा वर्षांच्या अनुभवावर २००६ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ब्रुसेलोसिस झालेले ४९५ प्रौढ रुग्ण होते. सोलापूर-सांगलीच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्याची जनावरे, मेंढपाळ आणि दूध पिण्याच्या सवयी महाराष्ट्रापेक्षा काही निराळ्या नाहीत. तिथे इतके रुग्ण सापडले, कारण तिथल्या डॉक्टरांनी शोधले. जिथे तपासणीच मागवली जात नाही तिथे रोग कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेल्या रोगासाठी कुणी निधी मागत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात एक जास्तीचा धोका पावसाळ्यात येतो. डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढवायला शेळीचे दूध शोधत लोक फिरतात. या समजुतीला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. दूध ‘औषधी’ म्हणून घ्यायचे असल्याने ते कच्चे घेण्याकडे कल असतो. ब्रुसेलाच्या जातींमध्ये माणसाला सर्वांत जास्त छळणारी जात शेळ्यामेंढ्यांचीच. आधीच तापाने खंगलेल्या माणसाला हा उपाय महागात पडू शकतो.

उकळीने काय साधते

पाश्चरायझेशन म्हणजे दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवून लगेच थंड करणे. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. दुधातल्या घातक जंतूंपैकी उष्णतेला सर्वांत चिवट असलेले क्षय आणि क्यू फीवरचे जंतू मरतील, पण दुधाची चव आणि पोषण शक्य तितके टिकेल, अशा बेताने ते ठरले. दूध नीट पाश्चराइज झाले की नाही हे फॉस्फटेज नावाच्या विकराच्या चाचणीने कळते. योग्य आच लागली की हे विकर नष्ट होते. ते शिल्लक असेल तर आच कमी पडली किंवा मागाहून कच्चे दूध मिसळले.

घरची उकळी याहून कितीतरी कडक असते. एक उकळी आली की वर सांगितलेले सारे जंतू मेले. पिसाळलेल्या गाईचे दूध प्यायल्याच्या भीतीने अख्खे गाव रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात रांग लावते अशा बातम्या अधूनमधून येतात. दूध उकळलेले असेल तर त्या भीतीला जागा नाही. २०२२ मध्ये गुरांमध्ये लम्पी हा त्वचारोग आला तेव्हाही दुधाविषयी अफवा उठल्या होत्या. लम्पी माणसाला होतच नाही, आणि उकळलेल्या दुधाचा प्रश्नच नव्हता.

यातून एक गमतीशीर विषमता दिसते. चाकणच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून टपरीवर कटिंग पिणारा कामगार दिवसाकाठी जे दूध पितो ते सुटे, स्वस्त आणि बहुधा पाणी घातलेले असते, पण ते तासन्‌तास उकळलेले असते. जंतूंच्या बाबतीत त्याचा कप जवळजवळ निर्धोक. उलट महागाची काचेची बाटली उघडून, ‘एन्झाइम मरू नयेत’ म्हणून न तापवता प्रोटीन शेकमध्ये ओतणारा माणूस जास्त जोखीम घेतो.

उकळीतून निसटणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या. पहिला प्रकार म्हणजे आच न लागताच पोटात जाणारे दूध. धारोष्ण पिण्याची हौस, पंचामृत, अभिषेकाच्या दुधाचे तीर्थ, कोमट दुधाला विरजण लावून केलेले दही, पुरेसे न तापवता फाडलेल्या दुधाचे पनीर. खरवसाचा चीक वाफवला जातो म्हणून तो बहुतेक वेळा वाचतो.

दुसरा प्रकार म्हणजे उकळी येण्याआधीच दुधाला भिडणारी माणसे. धार काढणारी बाई, गाभडलेल्या गाईचा जार हाताने काढणारा शेतकरी, पशुवैद्यक, त्यांचे मदतनीस. ब्रुसेला कातडीवरच्या ओरखड्यातून आणि डोळ्यांतूनही शिरतो. सोसायटीतल्या गिऱ्हाइकाला गॅस वाचवतो, गोठ्यातल्या बाईला वाचवणारे काही नसते. कच्च्या दुधाची चर्चा गिऱ्हाइकाभोवतीच फिरते, पण या रोगांची पहिली किंमत दूध काढणारे घर मोजते.

तिसरा प्रकार उष्णतेला न जुमानणाऱ्या विषांचा. स्टॅफिलोकोकस जंतू आचेने मरतो, पण त्याने दुधात आधीच सोडलेले विष उकळीतही टिकते. म्हणून सहा तास उन्हात फिरलेले दूध उकळून पूर्ण निर्धोक होत नाही. बुरशी लागलेली सरकी पेंड, मका किंवा बिघडलेला मुरघास गाईने खाल्ला की त्यातले अफलाटॉक्सिन रूप बदलून दुधात येते. ते उकळीने जात नाही आणि पाश्चरायझेशननेही नाही. तीच गोष्ट प्रतिजैविकांची. गाईला दगडी झाली, कास सुजली, की सडात पेनिसिलीनच्या ट्यूब सोडल्या जातात. औषध दिल्यावर ठरलेले दिवस ते दूध विकायचे नसते, पण रोजच्या रोज हप्ता फेडणाऱ्या शेतकऱ्याला चार दिवसांचे दूध ओतून देणे परवडत नाही. भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातला पेनिसिलीनचा पहिला कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीतच स्थापन झाला. जीव वाचवणारे ते औषध दुधातून थोडे थोडे रोज पोटात गेले तर जंतूंना त्याचा सराव होतो, आणि गरजेच्या वेळी ते लागू पडत नाही.

नजर फॅटवर

आपल्या दुधाच्या कायद्याचा इतिहास हा मुख्यतः पाण्याशी लढण्याचा इतिहास आहे. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९९२ चा दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश, आणि त्या सगळ्यांना पोटात घेणारा २००६ चा अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, जो ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. ठरावीक मर्यादेपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याने फक्त नोंदणी करायची, त्यावरच्याने परवाना घ्यायचा. आपले सगळे दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासद शेतकऱ्याला नोंदणीतूनही सूट आहे. अंमलबजावणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. भेसळीविरुद्ध कडक पावले उचला, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये स्वामी अच्युतानंद तीर्थ खटल्यात राज्यांना बजावले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हावार भेसळविरोधी समित्या नेमल्या. शहरात गुरे पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा १९७६ चा स्वतंत्र कायदाही आहे.

या साऱ्यात शब्द वारंवार येतो तो भेसळ. जंतू मागे राहतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर केलेली मोठी पाहणी हेच दाखवते. १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. त्यांतले ३,८२५ कच्चे आणि २,६०७ प्रक्रिया केलेले होते. तपासले काय? भेसळीचे तेरा पदार्थ, फॅट-एसएनएफसारखी प्रत, आणि कीटकनाशके, प्रतिजैविके, अफलाटॉक्सिन. निकाल दिलासा देणारा होता. सुमारे ९३ टक्के दूध सुरक्षित, भेसळ फक्त १२ नमुन्यांत. अफलाटॉक्सिन ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाले, आणि कच्च्यापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात त्याचा उपद्रव जास्त होता. पिशवीच्या दुधाला सरसकट सुरक्षित मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पण या निकालातल्या ‘सुरक्षित’ या शिक्क्यामागे ब्रुसेलाची किंवा क्षयाची तपासणी नव्हती.

भेसळीच्या त्या १२ नमुन्यांतही एक धागा आहे. सहांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड सापडले आणि एकात आम्लता मारणारा पदार्थ. हे पदार्थ दूध वाढवण्यासाठी घालत नाहीत. नासायला आलेले दूध आणखी काही तास तग धरावे म्हणून घालतात. म्हणजे ती भेसळ जंतूंच्या पोटीच जन्मते. दूध वेळेवर थंड झाले असते तर पेरॉक्साइडची गरजच पडली नसती. भेसळवाल्याला पकडण्याइतकेच चिलिंगचे यंत्र गावात पोहोचवणे हेही भेसळीविरुद्धचे पाऊल आहे.

नजर फॅटवर का राहिली, याचे उत्तर पैशात आहे. संकलन केंद्रावर शेतकऱ्याचे दूध यंत्राला लागते, फॅट आणि एसएनएफचा आकडा येतो आणि त्यावरून दर निघतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला दर आणि अनुदान जाहीर केले तेही ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या मोजमापावर. जंतू कमी असलेल्या दुधाला या पावतीवर रकाना नाही. सड धुऊन, स्टीलच्या भांड्यात, लगेच थंड करून दूध आणणारा आणि तसेच प्लास्टिकच्या कॅनमध्ये दोन तास ठेवून आणणारा, दोघांना फॅट सारखे लागले की पैसे सारखे मिळतात.

जनावरांच्या बाजूने सरकारने एक मोठे पाऊल उचलले. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकुतासोबत त्यात ब्रुसेलाही आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच लस द्यायची. म्हणजे आज दावणीला दूध देणाऱ्या, लस न टोचलेल्या गाई-म्हशींचे काय, हा प्रश्न उरतो. पश्चिमेकडच्या देशांनी तपासा आणि बाधित जनावर मारा या मार्गाने ब्रुसेला आणि क्षय आटोक्यात आणले. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने बंद आहे आणि २०१५ पासून गोवंशापर्यंत ती बंदी विस्तारली आहे. तो मार्ग इथे नाही. मग बाधित गाय सापडली तर शेतकऱ्याने करायचे काय? भरपाई नसेल तर चाकणचा शनिवारचा बाजार आहेच. तिथे गाय विकताना तिच्या वेतांची, दुधाची, शिंगांची चौकशी होते. रक्ताचा अहवाल कुणी मागत नाही. एका दावणीचा रोग दुसऱ्या दावणीला जायला एवढे पुरते.

महाग झालेले कच्चे दूध

कच्चे दूध ही पूर्वी नाइलाजाची गोष्ट होती, आता ती निवडीची होऊ लागली आहे. देशी गाय, ए-टू प्रथिनाचे दूध, प्रक्रियामुक्त अन्न या लाटेबरोबर ‘पाश्चराइज न केलेले’ हे शब्द जाहिरातीत गुण म्हणून येतात. ए-वन आणि ए-टूचे दावे वेष्टनावरून काढा, असे प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी सांगितले आणि पाच दिवसांत ते पत्रक मागेही घेतले. ग्राहकाच्या हाती गोंधळ तेवढा राहिला.

कच्च्या दुधाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. युरोपात शेतावर वाढणाऱ्या मुलांच्या अभ्यासांत कच्चे दूध पिणाऱ्यांना दमा आणि ॲलर्जी कमी आढळली. पण दूध आणि शेतावरचे एकूण जगणे यांचा परिणाम पूर्ण वेगळा काढता येत नाही, आणि त्या अभ्यासकांनीच जंतूंच्या भीतीपोटी कच्च्या दुधाची शिफारस केलेली नाही. पाश्चरायझेशनने कॅल्शियम आणि प्रथिने जवळपास तशीच राहतात, काही जीवनसत्त्वे थोडी घटतात. दूध न पचणाऱ्याला कच्चे दूध पचते, हा दावा टिकत नाही, कारण लॅक्टोज दोन्हींत सारखेच असते. आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांनी हेही सांगावे, की त्या परंपरेत धारोष्णाची थोरवी आहे ती कासेखालच्या ताज्या धारेची. पहाटे काढून सकाळी आठला सोसायटीच्या दारात पोहोचलेले दूध त्या व्याख्येत बसत नाही.

इतरांनी काय केले

पाश्चरायझेशन सक्तीचे करणारे पहिले मोठे शहर शिकागो, १९०८ मध्ये. कॅनडाने १९९१ पासून कच्च्या दुधाच्या विक्रीवर देशभर बंदी घातली. स्कॉटलंडमध्ये १९८३ पासून बंदी आहे, शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र शेतकरी इशाऱ्याचे लेबल लावून थेट विकू शकतो. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात विक्रीला मनाई, राज्याच्या आत ज्याचे त्याचे नियम. तिथे मार्च २०२४ मध्ये गाईंना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे उघड झाले. कच्च्या दुधात विषाणू मोठ्या प्रमाणात सापडला, ते प्यालेली गोठ्यातली मांजरे मेली, आणि वर्षाअखेरीस कॅलिफोर्नियात कच्चे दूध बाजारातून परत मागवावे लागले. पाश्चरायझेशनने हा विषाणू मरतो.

आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा नियम जर्मनीचा. तिथे शेतकरी गोठ्यावर कच्चे दूध विकू शकतो, पण विक्रीच्या जागी ‘कच्चे दूध, पिण्यापूर्वी उकळा’ अशी पाटी लावणे बंधनकारक आहे. बंदी नाही आणि मोकळे रानही नाही.

बंदी नको, पावती बदला

आपल्याकडे बंदीचा विचार टिकणार नाही. सुट्या दुधावर हजारो घरांचे रोजचे पैसे चालतात. बंदी आली तर ते दूध लपून विकले जाईल, आणि आज निदान नोंदणीच्या कक्षेत येऊ शकणारा गवळी उद्या कुणालाच सापडणार नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूने करायचे काम स्वस्त आहे. कच्च्या दुधाच्या प्रत्येक बाटलीवर आणि ॲपवर ‘उकळूनच प्यावे’ हे ठळक मराठीत असावे, आणि ‘न तापवता प्या’ असे सुचवणारी जाहिरात चालू देऊ नये. घरी दूध आल्याबरोबर उकळावे, गार करून फ्रिजमध्ये ठेवावे, कारण उकळीतून वाचणारे काही बीजाणू कोमट दुधात पुन्हा डोके वर काढतात. गरोदर बायका, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना कच्च्या दुधाचे काहीही देऊ नये, प्रसाद म्हणूनसुद्धा. पंचामृतासाठी उकळून गार केलेले दूध वापरल्याने कोणाच्या श्रद्धेला बाधा येत नाही.

दवाखान्यांनी एक प्रश्न वाढवावा. महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयापासून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत, दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेल्या तापात ‘घरी जनावरे आहेत का, कच्चे दूध घेता का’ हे विचारले जावे आणि उत्तर होकारार्थी असेल तर ब्रुसेलाची चाचणी व्हावी.

सर्वांत मोठे काम गोठ्याच्या आणि संकलन केंद्राच्या पातळीवरचे आहे. गाईच्या एकत्रित दुधाच्या थेंबावर होणारी मिल्क रिंग टेस्ट स्वस्त आहे. ती दर काही महिन्यांनी बल्क कूलरवर झाली तर ब्रुसेलाची शंका असलेली गावे कळतील, मग रक्ततपासणी तिथेच करता येईल. बाधित जनावर वेगळे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई द्यावी लागेल, नाहीतर ते बाजारात जाईल. मिथिलीन ब्लूची जुनी, सोपी चाचणी दुधातल्या जंतूंचा अंदाज देते, तर प्रतिजैविकांसाठी पट्ट्या मिळतात. मोठ्या डेअऱ्या या चाचण्या आपल्या दारात करतात. त्यांचा निकाल शेतकऱ्याच्या पावतीपर्यंत पोहोचत नाही, ही अडचण आहे.

म्हणून सुधारणेची सुरुवात अधिनियमाच्या नव्या कलमापेक्षा त्या पावतीवर व्हायला हवी. फॅट, एसएनएफ, लिटर, दर या रकान्यांशेजारी जंतूंचा एक रकाना आला आणि स्वच्छ, थंड दुधाला लिटरमागे रुपया-दोन रुपये जास्त पडले, तर सड धुण्याचा आणि कॅन उकळत्या पाण्याने खंगाळण्याचा खर्च शेतकऱ्याला परवडेल. आज तो खर्च त्याने स्वतः सोसायचा, आणि फायदा मात्र त्याच्याकडून दूध घेणाऱ्या साऱ्यांनी घ्यायचा, असा हिशेब आहे. ग्राहकाच्या घरची उकळी दुधातला बहुतेक धोका मारते. दूध काढणाऱ्या हातांना, त्याच हातांनी जेवणाऱ्या मुलांना आणि उकळीला न भिणाऱ्या विषांना आवर घालायचा असेल तर त्याचे पैसे गोठ्यावरच मोजावे लागतील.